रेघेतली वाट

भांडी भाजायचा आवा पेटवायचा तो वारा उठायच्या आत. युफेमियाच्या घरात एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. बाकी कालवणात मिरची किती इथपासून वाद. म्हणून त्या शनिवारी सकाळी साडेसहालाच स्वयंपाकघर भरलं होतं. विल्मा कॉफी उकळत होती आणि नवऱ्याच्या नावाने खडे फोडत होती, कारण आदल्या दिवशी आणून रचून ठेवायच्या गोवऱ्या डेल्बर्ट आत्ता कुठे ट्रकमधून उतरवत होता. ओव्हनमध्ये पाव नव्हता, वाडगी होती. आगीत घालण्याआधी मातीतला उरलासुरला ओलावा जावा म्हणून लहान भांडी आम्ही ओव्हनमध्येच मंद शेकतो. मोठा माठ तिथे मावत नाही. तो खिडकीपाशी, ऊन येईल अशा बेताने, जुन्या ब्लँकेटवर बसवला होता.

बर्निस त्याच्यासमोर उकिडवी बसली. युफेमियाची ही थोरली लेक, साठीला टेकलेली, आणि डोळा असा तिखट की वाडग्यावरची केसाएवढी चीर तिला दारातून दिसते. तिने माठ हळूहळू फिरवला. गळ्याखालची जाड काळी रेघ नजरेने धरून ती सबंध फेरी फिरून आली. थांबली. पुन्हा फिरवला.

"विल्मा, तो दिवा लाव गं जरा."

"एवढं ऊन आहे की."

"लाव म्हटलं ना."

दिवा लागला. तिसऱ्या फेरीलाही तेच. रेघ कुठेच तुटत नव्हती.

गळ्याखालची ही रेघ आमच्या घरात कधी पुरी जोडत नाहीत. बोटभर जागा कोरी सोडतात, तिला वाट म्हणतात. का सोडायची, असं विचारलं तर आमच्या बायका 'सोडायची म्हणून सोडायची' एवढंच सांगतात आणि फार विचारणाऱ्याच्या हातात केरसुणी देतात. पण सोडली नाही असं कधी झालेलं नाही. लहान वाडग्यांना वाट लागत नाही, मोठ्या माठालाच लागते, आणि मोठा माठ वर्षाकाठी एकच होतो. तो ऑगस्टात सँटा फेच्या बाजारात जातो.

बर्निसने माठावरचा हात काढून घेतला. वाट सोडायची राहिली हे तर होतंच, पण त्याहून जास्त तिला एप्रिलमधला तो दिवस आठवला. अल्बुकर्कीच्या डॉक्टरने आईला सांगितलं होतं की डोळ्यांच्या मध्यातलं गेलं, आता कडेने दिसेल तेवढंच. त्यावर बर्निस म्हणाली होती, आई, आता पुरे. आणि सगळ्यांच्या देखत युफेमियाने शब्द दिला होता: "ज्या दिवशी माझी रेघ चुकेल, त्या दिवशी कुंचल्यांचा डबा मी आपल्या हाताने तुझ्या मांडीत ठेवीन. तोवर माझ्या टेबलाजवळ फिरकायचं नाही."

आणि आता रेघ चुकली होती.

---

मागच्या अंगणात डेल्बर्ट उतरवलेल्या गोवऱ्यांचा ढीग लावत होता. बर्निसचा धाकटा भाऊ असला तरी पंचावन्नचा. आव्याचं सगळं काम त्याच्याकडे, आणि घरातले विनोदही त्याच्याचकडे.

"ताई, तुझा चेहरा बघून आग आपोआप पेटेल," तो म्हणाला.

"आईने वाट बुजवलीय."

डेल्बर्टने हातातली गोवरी खाली ठेवली. "नीट बघितलंस?"

"तीनदा."

"चष्मा लावून?"

"डेल्बर्ट!"

त्याने हात झटकले. मग कपाळावरची टोपी मागे सारून म्हणाला, "हे बघ. माठ अजून कच्चा आहे. भाजला की काळं कायमचं, पण आत्ता पात्याने खरवडलं की निघतं. तू बोटभर जागा खरवड, पांढऱ्या मातीचा हात फिरव, घोटायच्या दगडाने घासून घे. दहा मिनिटांचं काम. आईला काय कळतंय?"

"तेच तर. तिला कळत नाही हेच तर सगळं आहे."

"मग नको सांगू."

"आणि पुढच्या वर्षी? माठावरच्या पक्ष्याला तीन पाय काढील, ते पण तू खरवडशील?"

"खरवडीन! आई एकच आहे मला."

"मला दोन आहेत का?"

विल्मा कॉफीचे पेले घेऊन आली होती आणि दारातच उभी राहून ऐकत होती. डेल्बर्टला वाटलं बायको आपल्या बाजूने बोलेल. पण ती म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे. सासूबाईंनी शब्द दिलाय. त्यांच्या पाठीमागे त्यांचा माठ खरवडायचा म्हणजे त्यांना लहान पोरच करून टाकलं की आपण."

"तू कधीपासून ताईच्या पक्षात?"

"मी कुणाच्या पक्षात नाही. मी सासूबाईंच्या जागी बसून बघतेय. मला कुणी असं फसवलेलं चालणार नाही. तू तर मुळीच नाही."

डेल्बर्टने आभाळाकडे पाहिलं. अजून पानही हलत नव्हतं. दहाच्या सुमाराला वारा उठेल, मग आजचा दिवस गेला, आणि उद्याचा भरवसा नाही.

"मी सांगते तिला," बर्निस म्हणाली. "पण तुम्ही दोघं माझ्यामागे उभे राहा. मला एकटीला वाईट करू नका."

---

स्वयंपाकघराच्या मोरीची खिडकी अंगणात उघडते. तिथे डेना हात धूत होती; बोलणं कानावर पडलं तशी नळ बंद करून उभी राहिली.

डेना म्हणजे रोझेलाची मुलगी. रोझेला बर्निसची मधली बहीण, एकोणिसाव्या वर्षी फिनिक्सला निघून गेली ती गेलीच. बर्निसने ते अजून मनातून काढलेलं नाही. मार्चमध्ये तिची ही चोवीस वर्षांची लेक दोन बॅगा घेऊन आजीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला शिकायचंय. आजीने तिला पोटाशी धरलं. मावशीने तिला पाट्यावर बसवलं. जुनी फुटकी खापरं कुटून, वाटून त्यांची पूड नव्या मातीत मिसळायची असते. चार महिने डेना तेवढंच करत होती. "कुंचलीला वर्षभर हात लावायचा नाही," हा मावशीचा हुकूम.

आणि मंगळवारी दुपारी तिने हात लावला होता.

आजी सकाळभर उरलेली नक्षी काढून, जेवून आडवी झाली होती. टेबलावर माठ होता, काळ्या रंगाची वाटी अजून ओली होती. डेना पाणी प्यायला आली आणि तिला दिसलं, गळ्याखालची रेघ एका ठिकाणी राहून गेलीय. बोटभरच.  आजीला दिसलं नाही. मावशीला दिसेल. मग तो डबा, ती मांडी, तो शब्द. डेनाने इकडेतिकडे पाहिलं नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. युक्काच्या पानाच्या तंतूंची कुंचली उचलली, रंगात बुडवली आणि एका ओढीत रेघ जोडून टाकली. चार महिने रोज आजीच्या हाताकडे बघत ती खापरं वाटत होती. हात कसा चालतो ते तिला पाठ होतं. तीन दिवस ती मनातल्या मनात खूश होती की आजीला आपण वाचवलं.

वाट म्हणून काही असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजीला वाटलं बर्निस सांगेल. बर्निसला वाटलं रोझेलाने निदान एवढं तरी सांगितलं असेल. रोझेलाला वाटलं, असल्या गोष्टी काय फोनवर सांगायच्या असतात? आमच्या घरात महत्त्वाचं ते नेहमी असंच राहून जातं.

आणि आता खिडकीतून डेनाने सगळं ऐकलं होतं. आत्ता बोलावं तर मावशी आजच बॅगा भरायला लावील. न बोलावं तर...

अंगणातून आजीचा आवाज आला, "अगं, सगळे असे मयताला आल्यासारखे का उभे आहात?"

---

युफेमियाला माणसं चेहऱ्याने ओळखू यायची बंद होऊन वर्ष झालं होतं. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेने जग. म्हणून ती कुणाशीही बोलताना किंचित तिरकी बघायची, आणि लोकांना वाटायचं म्हातारी संशय घेतेय. आत्ताच अंगणात येऊन, भिंतीला टेकून, उन्हात खुर्ची टाकून ती बसली होती. पावलांवरून तिने ओळखलं, बर्निस पुढे आहे, डेल्बर्ट आणि विल्मा मागे.

"आई, माठ बघितला मी."

"मग?"

"वाट नाहीये."

युफेमिया हसली. "असं कसं? मी सोडली."

"नाहीये आई."

"आण इकडे."

डेल्बर्टने माठ दोन्ही हातांनी उचलून आणला आणि तिच्या मांडीत, ब्लँकेटवर ठेवला. तिने मान तिरकी करून पाहिलं. काळं पांढरं नुसतं हललं. तिने रेघेवरून बोट फिरवलं; पण रंगाला काही जाडी नसते, घोटलेल्या पांढऱ्या मातीवर सगळं सारखंच गुळगुळीत लागतं. बोट फिरत राहिलं. तिला रेघ काढली तो सोमवार आठवत होता. कुंचली उचलली, थोडं पुढे नेली, पुन्हा टेकवली. नक्की आठवत होतं. पण हा सोमवार, की गेल्या वर्षीचा? की त्याच्या आधीचा? साठ माठांत साठ वेळा वाट सोडली होती. सगळे सोमवार एकात एक मिसळले होते.

"मला आठवतंय मी सोडली," ती म्हणाली. "पण मला कॉफीत साखर घातल्याचंही आठवतं, आणि कॉफी कडू लागते."

डेल्बर्ट आणि विल्मा उभे होते तिकडे तिने मान वळवली.

"तुम्ही दोघांनी पण बघितलं?"

"हो, सासूबाई," विल्मा म्हणाली. डेल्बर्टने नुसता घसा खाकरला.

युफेमियाने मान हलवली. भीती तिला मरणाची नव्हती, आंधळेपणाचीही फारशी नव्हती. डोळे जातात तर जाऊ देत, हाताला माहीत आहे, एवढ्या एका धीरावर ती वर्षभर टेबलाशी बसत होती. आता हातानेच दगा दिला म्हटल्यावर तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

"डेल्बर्ट, टेबलावरचा डबा आण."

"आई, राहू दे ना. आधी आवा तर—"

"आण."

तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा, आत आठ कुंचल्या. युफेमियाने तो चाचपला, झाकण नीट बसलंय का पाहिलं आणि हात लांब करून शेजारी येऊन बसलेल्या बर्निसच्या मांडीवर ठेवला.

"दिलेला शब्द आहे. उगीच आता कुणी रडू नका."

आणि बर्निसच रडायला लागली. एप्रिलपासून जी गोष्ट मागत होती ती मांडीत येऊन पडली होती, आणि तिला ती अजिबात नको होती. "मला वाटलं होतं मला बरं वाटेल," ती म्हणाली. तिला नाक पुसायला रुमालसुद्धा सापडेना.

"आजी, मी केलं."

डेना मागच्या दारात उभी होती. हात ओलेच होते.

"काय केलंस?" बर्निसने विचारलं.

"रेघ. मी जोडली. मंगळवारी. मला वाटलं आजीची राहिली. मला वाटलं मावशी बघेल आणि आजीच्या हातून डबा... म्हणून मी भरून टाकली. मला ठाऊकच नव्हतं की ती मुद्दाम सोडतात. आजी, खरंच सांगते, मला नव्हतं ठाऊक."

 बर्निस डबा बाजूला ठेवून उठली. "तुला सांगितलं होतं ना मी? वर्षभर हात लावायचा नाही! चार महिने झाले नाहीत तर आजीच्या माठावर? आईच्या माठावर? तुझी आई तश्शी, आणि तू—"

"बर्निस," युफेमिया म्हणाली.

"नाही आई, हिला—"

"बर्निस, गप. मला ऐकू दे. पोरी, पुन्हा सांग. मी जागा सोडली होती?"

"हो आजी. बोटभर. अगदी स्वच्छ सोडली होती."

युफेमियाने तोंडावर पदरासारखी शाल ओढली, आणि तिचे खांदे हलायला लागले. डेल्बर्ट घाबरून वाकला. मग त्याला कळलं की ती हसतेय, आणि असं तिला हसताना त्याने बाप गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"मी सोडली होती!" ती म्हणाली. "ऐकलंत का रे, शहाण्यांनो? सोडली होती मी! आणि या बयेने मला वाचवायला म्हणून माझीच वाट बुजवून मला माठात कोंडून ठेवलं!"

आधी डेल्बर्ट फुटला, मग विल्मा. डेना रडत होती आणि हसतही होती. बर्निस मात्र ओठ घट्ट मिटून उभी होती.

"हसून झालं असेल तर आठ वाजलेत," ती म्हणाली. "कुठे भरलंस? दाखव. तेवढं खरवडू आणि आवा लावू."

डेना माठापाशी गुडघ्यांवर बसली. तिने रेघ बघितली. मान वाकडी करून बघितली, माठ फिरवला, पुन्हा फिरवला.

"इथे... नाही. इथे असेल."

"असेल म्हणजे?"

"मावशी, मला सापडत नाहीये."

"सरक." बर्निसने जवळचा आणि लांबचा, दोन्ही चष्मे एकावर एक लावले. रेघेच्या कडेला नाक लागेल इतकी ती जवळ गेली. जोड कुठेतरी दिसतोच. रंग दोनदा चढला की गडद होतो, हात बदलला की कड थरथरते, कुंचलीचा एखादा तंतू वेगळा पडतो. तिने इंच इंच पाहिलं. डेल्बर्टने टॉर्च धरला. विल्माने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. काही नाही. अख्खी रेघ एका हातची होती.

बर्निस सावकाश मागे बसली. कॉटनवुडच्या झाडाची टोकाची पानं जराशी हलली, आणि डेल्बर्टने अस्वस्थ होऊन पाय बदलले.

"ताई, अंदाजाने कुठेही उघड ना."

"वाट अंदाजाने उघडतात होय रे?"

"द्या इकडे," युफेमिया म्हणाली. तिने बाही कोपराच्या वर सारली आणि हात माठाच्या तोंडातून आत घातला. मातीच्या वळ्या एकीवर एक रचत माठ चढवतात. बाहेरून घासून सगळं एक होतं, पण आतून बोटांना अजून लागतं. तिची बोटं गळ्याखाली आतल्या बाजूने सरकत गेली, एका जागी थांबली, पुन्हा मागे आली. "गळ्याखालची माझी शेवटची वळी जिथे संपते, तिथेच मी वाट सोडते. माझी आईही तसंच करायची. हे घ्या, वळीचं शेपूट लागलं. बाहेरून माझ्या बोटासमोर खूण कर, डेना."

डेनाने नखाने खूण केली.

"आता पातं घे. तू मिटवलीस, तूच उघड."

"आजी, पुन्हा बिघडलं तर?"

"नाही बिघडत. बर्निस माठ धरेल."

बर्निसने माठ धरला, गुडघ्यांमध्ये, लहान मुलाचं डोकं धरावं तसा. पात्याखाली काळी पूड पडायला लागली आणि खालचं पांढरं उघडं पडलं. दोन्ही बाजूंची टोकं डेनाने सरळ कापली. वर पांढऱ्या मातीचा हात दिला, सुकल्यावर घोटायच्या दगडाने घासलं. तिचं डोकं आणि मावशीचं डोकं जवळजवळ टेकलं होतं.

"सापडला नाही गं मला जोड," बर्निस अचानक म्हणाली. ती डेनाशी बोलत होती की आईशी, कळेना. "पन्नास वर्षं मी काढतेय रेघा. बाजारात कुणीही दुरून सांगतं, ही युफेमियाची, ही बर्निसची. आणि हिने चार महिने खापरं वाटली, एकदा हात लावला, आणि आई, मला सापडला नाही."

युफेमियाने तिच्या आवाजाच्या दिशेने हात नेला. आधी हवेत गेला, मग केसांवर आला.

"तुझी रेघ ओळखू येते ती तुझी आहे म्हणून. मी तुला कधी म्हटलं का माझ्यासारखी काढ म्हणून?"

"नाही."

"हिला माझी नक्कल येते. माझ्याच काळजीने काढली, माझ्याचसारखी निघाली. पण हिला स्वतःची रेघ कुठे आहे अजून? ती मला नाही शिकवता येणार. मला तर आता दिसतही नाही, ते तू खरंच बोललीस. वाट सोडली होती का नव्हती, हे मला माझं मला सांगता आलं नाही." ती थांबली. "शिकवणारीला स्वतःची रेघ असावी लागते. आपल्या घरात ती तुझ्याकडे आहे."

 बर्निसने बाजूला ठेवलेला डबा उघडला, एक कुंचली काढून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि सात कुंचल्यांचा डबा आईच्या हातात परत दिला.

"रेघ चुकलेली नाही," ती म्हणाली. "शब्द तसाच आहे. पण आता टेबलाशी माझी खुर्ची पण लागेल. तू काढ, मी बघीन. आणि मी फिरकणार, सांगून ठेवते."

"कटकट करशील."

"करीन."

नऊला दहा मिनिटं कमी असताना डेल्बर्टने आवा रचला: खाली खापरांचा थर, त्यावर माठ उपडा, भोवती वाडगी, आणि चहूबाजूंनी गोवऱ्या. विल्माने मक्याच्या पिठाची चिमूट सोडली, सगळ्यांनी मनात जे म्हणायचं ते म्हटलं. आग धरली. धूर सरळ वर गेला. युफेमिया खुर्चीतून त्याच्या वासाकडे तोंड करून बसली. आतून काही फुटल्याचा आवाज येतो का, हे त्या घरात तिच्याइतकं चांगलं कुणाला ऐकू येत नाही. आवाज आला नाही.

स्वयंपाकघरात बर्निसने टेबल पुसलं. एक लहान, कोरं पांढरं वाडगं डेनासमोर ठेवलं, रंगाची वाटी ठेवली, खिशातली कुंचली काढून दिली.

"गोल एक रेघ काढ. आजीसारखी निघाली, तर पुसायला लावीन."